कर्जतची बाग की डोंबिवलीचा तिसरा मजला?

पत्र

स. न. वि. वि.
माझी आई ७९ वर्षांची आहे. रत्नागिरी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. सहा वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. दोन वर्षांपूर्वी पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण नंतर ती उभी राहिलीच नाही. आमचं घर दोन खोल्यांचं, मिस्टरांची बायपास झालेली, माझी बँकेत नोकरी. शेवटी कर्जतजवळच्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलं. अमेरिकेतल्या दादाने फोटो बघून ते पसंत केलं होतं. बाग आहे, छोटं देऊळ आहे, खोलीला मोठी खिडकी आहे. मी दोन-तीन आठवड्यांतून एकदा जाते.

गेल्या सहा महिन्यांत तिचं वजन ५२ किलोंवरून ४६ वर आलंय. माकडहाडाजवळ जखम झालीय. मी जाते तेव्हा बहुतेक वेळा झोपलेलीच असते. मॅनेजर म्हणतात, "या आजारात असंच होतं, ताई." तिथल्या एक मावशी मात्र तिला 'आजी' न म्हणता 'बाई' म्हणतात, त्यांच्या हातून ती पोटभर जेवते. दादाचं म्हणणं, "आता हलवलंस तर ती खचेल, आणि अनामत बुडेल ती वेगळीच." हलवायचंच असेल तर पुण्याजवळ एक मोठं नवीन सेंटर झालंय, तिथे ठेवू म्हणतो. मला डोंबिवलीत एक साधं सेंटर सापडलंय. इमारतीचा तिसरा मजला, बाग वगैरे काही नाही. नातेवाईक म्हणतात, आधी आईला घराबाहेर काढलं, आता गावोगाव फिरवतेय. मी काय करू?
– एक मुलगी, ठाणे

उत्तर

नमस्कार ताई,

मावशींच्या हातून आई पोटभर जेवते, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला तुमच्या पत्रात तेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. त्याचा अर्थ असा की आईंना भूक लागते, घास गिळता येतो आणि ओळखीच्या हाकेला त्या तोंड उघडतात. मग बाकीच्या दिवशी त्या का जेवत नाहीत, याचं उत्तर आजारात कमी आणि ड्यूटीच्या तक्त्यात जास्त सापडेल. डिमेन्शियाच्या माणसाला भरवायला अर्धा-पाऊण तास लागतो. एका मावशीकडे सहा ताटं असतील तर पाच मिनिटांत दोन घास जातात, ताट उचललं जातं आणि वहीत 'जेवण झालं' असं लिहिलं जातं. वहीतही खोटं काही नसतं, जेवणाची वेळ झालेली असतेच.

आता वजन. ५२ वरून ४६ म्हणजे सहा महिन्यांत अकरा टक्क्यांहून जास्त घट. सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरलं की डॉक्टर ती गंभीर बाब धरतात, वय काहीही असो. म्हणून जागेचा विचार करण्याआधी, याच आठवड्यात, तुमच्या ओळखीच्या फिजिशियनला कर्जतला घेऊन जा किंवा आईंना त्यांच्याकडे न्या. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, लघवीतला संसर्ग, तोंडातली जखम, सैल झालेली कवळी, बद्धकोष्ठता हे सगळं बघून घ्या. यातलं काही निघालं तर नुसती जागा बदलून वजन वाढणार नाही.

त्या सतत झोपलेल्या का असतात, तेही विचारा. कोणती औषधं चालू आहेत, डोस किती, कोणी आणि कधी सुरू केली, एवढं लिहून मागा. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल या मन शांत करणाऱ्या (अँटिसायकोटिक) गोळ्यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते कशासाठी चालू आहे आणि कमी करता येईल का, हे डॉक्टरांशी बोला. काही रुग्णांना या गोळ्या खरोखर लागतात. काही ठिकाणी मात्र रात्रपाळीला माणसं कमी असतात म्हणून त्या दिल्या जातात. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक यंत्रणेने २००५ मध्येच (हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांसाठी २००८ मध्ये) दिला आहे. दादा तिकडेच आहेत, त्यांना हे लगेच पटेल. पण गोळी परस्पर बंद करू नका, ती एकदम थांबवली तर वेगळाच त्रास होतो.

जखमेबद्दल थोडं कडक बोलते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. आधी त्वचा लाल होते, आणि बोटाने दाबून सोडलं तरी ती लाली जात नाही. ही पहिली सूचना असते. त्या वेळी एअर बेड, कोरडी त्वचा, वेळेवर बदललेला डायपर आणि कूस बदलणं एवढ्यावर भागतं. तिथून जखम उघडी पडेपर्यंत बहुतेक वेळा एक-दोन पाळ्यांचा नाही, बऱ्याच पाळ्यांचा हलगर्जीपणा लागतो. चांगल्या देखभालीतही कधीकधी जखम होते, हे मान्य. पण ती झाल्याचं तुम्हाला फोन करून सांगितलं का, आणि कूस बदलल्याची नोंदवही दाखवली का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर मॅनेजरांचं 'असंच होतं' हे वाक्य मी ऐकून सोडून देणार नाही. जखम सर्जनला दाखवा. खोल असेल, वास येत असेल किंवा ताप असेल तर पहिला मुक्काम रुग्णालयात, सेंटर कोणतं ते नंतर. आईंचं केंद्र सरकारचं सत्तरीवरच्यांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं नसेल तर काढून ठेवा. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेल्या या कार्डावर योजनेतल्या रुग्णालयात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. केअर सेंटरचा महिन्याचा खर्च मात्र त्यात बसत नाही.

तर, हलवू का? हो, हलवा, पण त्याआधी एक शेवटची संधी द्या. कर्जतच्या सेंटरला एक ई-मेल पाठवून दर आठवड्याचं वजन, कूस बदलल्याची नोंद आणि दोन्ही वेळा कोण भरवतं ते लेखी मागा. पंधरा दिवस द्या. सुधारले तर आनंद आहे, आणि तुमचाही मोठा व्याप वाचेल. पण तोपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका, नव्या जागेची तयारी याच पंधरवड्यात करा.

दादांची भीती निराधार नाही. जागा बदलली की डिमेन्शियाचा माणूस बावचळतो. दिवस-रात्र उलटी होते, जेवण कमी होतं, चिडचिड वाढते, काही आठवडे घडी बसत नाही. म्हणून उगाच, पाहुण्यांना जागा आवडली नाही म्हणून किंवा रंग उडालाय म्हणून कोणी हलवू नये. तुमच्याकडे मात्र अकरा टक्के वजन आणि एक उघडी जखम आहे. आणि सवय म्हणाल तर आईंना बागेची सवय झालेली नाही. पलंगावरून ती दिसते तरी का, बघा एकदा. त्यांना सवय झालीय एका मावशीची, आणि त्या मावशी उद्या नोकरी सोडून गेल्या तर आई त्याच खोलीत राहूनही परक्या ठिकाणी असतील.

कुठे, या प्रश्नावर मी तुमच्या बाजूची आहे. डोंबिवली.

अशा बाबतीत एक गोष्ट मी कायम सांगते आणि ती बऱ्याच जणांना पटत नाही: तुम्हाला ऑफिस सुटल्यावर, न कळवता, कपडे न बदलता जिथे पोचता येतं ते सेंटर चांगलं. ठाण्याहून डोंबिवली लोकलने अर्ध्या तासाच्या आत. संध्याकाळी साडेसातला तुम्ही दारात उभ्या राहू शकता, म्हणजे नेमक्या जेवणाच्या वेळी. कर्जतला तुम्ही रविवारी सांगून जाता, तेव्हा वेणी घातलेली असते, पावडर लावलेली असते. दादांना व्हिडिओ कॉलवर दिसते ती हीच आई. पुण्याजवळच्या सेंटरमध्ये फिजिओथेरपीचा हॉल असेल, सीसीटीव्ही असेल, मोबाइलवर रोजचा अहवालही येईल. पण तिथे तुम्ही महिन्यातून एकदा जाल, आणि कोणाची माणसं कधी येतात हे प्रत्येक सेंटरला पाठ असतं. ज्यांची येत नाहीत त्यांचा डायपर शेवटी बदलला जातो. हे कटू आहे, पण मी रुग्णालयात समाजसेविकेचं काम केलं, तिथेही वॉर्डात हेच पाहिलं.

याचा अर्थ डोंबिवलीचं सेंटर डोळे मिटून घ्यायचं असा नाही. ते तुम्ही दिवसा बघितलं असणार. आता रात्री नऊनंतर एकदा जा. रात्री किती मावश्या, किती पेशंट, त्यांतले अंथरुणावरचे किती, हे मालकाला न विचारता मावश्यांना विचारा. हिशेब सोपा आहे: कूस बदलून डायपर बघायला एका माणसामागे दहा-पंधरा मिनिटं जातात, बऱ्याचदा दोघी लागतात. अंथरुणावरच्या आठ-दहा जणांमागे रात्री एकच मावशी असेल तर दर दोन तासांनी कूस बदलणं वहीतच होतं. तिथल्या आजी-आजोबांची नखं बघा, ओठ आणि जीभ कोरडी आहे का बघा, पाण्याचा ग्लास हाताशी आहे की फक्त टेबलावर आहे ते बघा. कोणाचे हात पलंगाला बांधलेले दिसले तर कारण विचारा. नाकातली नळी उपसू नये म्हणून थोडा वेळ बांधलेत, आणि डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय, की सोयीसाठी बांधलेत, ते उत्तराच्या सुरातच कळतं. वासाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. कुठेतरी लघवीचा वास येणारच, तिथे माणसं राहतात. सगळीकडे फिनाईल आणि रूम फ्रेशनरचा घमघमाट असेल तर मला जास्त शंका येते.

तिसरा मजला आहे म्हणून लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं जातं का, ते मोजून बघा. वीज गेली तर लिफ्टला जनरेटर आहे का? आगीच्या वेळी खाली उतरवण्याची सोय काय? बाग नसली तरी चालेल, पण व्हीलचेअर उन्हात नेता येईल अशी गॅलरी किंवा गच्ची हवी. नोंदणी कशाखाली आहे हेही विचारा: धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला ट्रस्ट, रुग्णालयाची नोंदणी, की नुसता दुकानाचा परवाना. कागद दाखवायला जो टाळाटाळ करतो, तो पुढे बिलाचा तपशील द्यायलाही करतो.

आणखी दोन प्रश्न, जे विचारताना जीभ अडखळते. आई पुढे नाकातल्या नळीने जेवू लागल्या, लघवीसाठी नळी (कॅथेटर) लागली, तरी ठेवून घेणार का, की "आता तुमचं तुम्ही बघा" म्हणणार? पुन्हा एकदा हलवणं टाळायचं असेल तर हे आजच विचारायला हवं. आणि रात्री काही बरंवाईट झालं तर मृत्यूचा दाखला कोणते डॉक्टर देतात? मध्यरात्री दाखल्यासाठी डॉक्टर शोधत फिरणारी मुलं मी पाहिली आहेत. विचारलं म्हणून अभद्र बोलल्यासारखं होत नाही. चांगल्या सेंटरकडे याचं उत्तर तयार असतं.

पैशांचं. कर्जतला दिलेल्या रकमेची पावती काढा आणि तिच्यावर काय छापलंय ते वाचा. 'अनामत' असेल तर करारातल्या नोटिशीच्या अटीप्रमाणे ती परत मिळायला हवी. बहुतेक ठिकाणी नोटीस महिन्याची असते. 'देणगी' असेल आणि तुम्ही त्यावर करसवलत घेतली असेल तर ती गेली असं धरा. ही गंमत बऱ्याच जणांना सोडतानाच कळते. नोटीस ई-मेलने द्या, निघताना खात्याचा हिशेब लेखी घ्या. अनामत अडवली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातूनही तक्रार करता येते, कर्जतला हेलपाटे घालायला नकोत. दुर्लक्षाबद्दल बोलायचं असेल तर ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा मोफत क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो. पण भांडण आई तिथून बाहेर पडल्यावर करा. आणि अनामत खरंच बुडाली तरी तिच्यासाठी थांबू नका.

दादांना पटवण्यासाठी मोठा फोन करू नका. त्यात तुमचं "तू तिकडे बसून" निघणार आणि त्यांचं "मी पैसे पाठवतो" निघणार. महिन्याच्या वजनाचे आकडे, औषधांची यादी, डॉक्टरांची चिठ्ठी आणि जखमेचा एक फोटो, एवढं पाठवा. खाली एकच ओळ: मी अमुक तारखेला हलवतेय. विचारू नका, कळवा. आईला उचलून ॲम्ब्युलन्समध्ये ठेवणार तुम्ही आहात.

हलवायची तारीख गणपती, दिवाळी किंवा शिमग्याच्या आसपास नको. त्या दिवसांत मावश्या गावी जातात आणि उरलेल्यांवर दुप्पट काम पडतं. वार मधला, मंगळवार-बुधवार, म्हणजे पुढचे दोन-तीन दिवस तिथले डॉक्टर आणि मॅनेजर जागेवर असतील. सकाळी निघून दुपारच्या जेवणाआधी पोचा. डिमेन्शियात संध्याकाळी गोंधळ वाढतो, आणि दिवेलागणीला नवीन खोलीत पाऊल ठेवणं त्यांना फार जड जाईल. १०८ तातडीच्या सेवेसाठी आहे, तुम्हाला खासगी ॲम्ब्युलन्स करावी लागेल. उचलायला दोन माणसं सोबत मागा, आणि जखम असल्याने आईंना पाठीवर न निजवता कुशीवर न्या.

बरोबर न्यायचे कागद तुम्ही गोळा कराल, बँकेतल्या माणसाला ते शिकवायला नको. फक्त औषधांचा चालू तक्ता, त्या दिवशी शेवटचा डोस किती वाजता दिला ते, आणि निदान आठवड्याभराची औषधं मूळ पाकिटांसकट घ्या. कॅथेटर असेल तर तो बदलल्याची तारीख. जखमेचा निघतानाचा फोटो तारखेसह काढा, नाहीतर पुढे दोन्ही सेंटरं एकमेकांकडे बोट दाखवतील.

पण सगळ्यांत मोलाचा कागद कोणत्याच फाइलमध्ये मिळणार नाही. त्यासाठी त्या मावशींना त्यांच्या सुट्टीच्या वेळी गाठा, चहा पाजा आणि विचारा: बाईंना तुम्ही कशा भरवता? भात किती मऊ, घास केवढा, कोणत्या बाजूने? आधी पाणी की आधी गोड? त्या कधी चिडतात, चिडल्या की तुम्ही काय करता? सगळं लिहून घ्या. मोठ्या अक्षरांत एका पानावर उतरवा, वर लिहा: 'यांना बाई म्हणा. आजी म्हणू नका.' शाळेचं नाव, कोणत्या इयत्ता शिकवल्या, चहा बशीत हवा की कपात, ऐकू कोणत्या कानाने येतं, सगळं. ते पान डोंबिवलीच्या पलंगाजवळ भिंतीवर लावा, आणि दिवसपाळी-रात्रपाळी दोन्हींच्या मावश्यांना स्वतः वाचून दाखवा, कारण भिंतीवरचं कोणी वाचत नाही. त्या मावशींनाच फोडून डोंबिवलीला आणावं असं तुमच्या मनात आलं असेल, माझ्याही आलं. पण त्यांचं घर कर्जतला आहे, आणि तिथे अजून कोणाकोणाची आई त्यांच्याच हातून जेवते. त्यांना एक चांगली साडी द्या आणि त्यांचा फोन नंबर घ्या. पहिल्या आठवड्यात नव्या मावशीशी दोन मिनिटं बोलून दिलं तरी खूप काम होईल.

आईंना काय सांगायचं? आठ दिवस आधी सांगू नका. त्या विसरतील, पण मनात हुरहूर राहील. त्याच सकाळी साध्या शब्दांत सांगा: आज आपण माझ्या घराजवळ राहायला जातोय. 'घरी चाललोय' म्हणू नका. एरवी डिमेन्शियाच्या माणसाशी थोडं गोड खोटं बोलायला माझी हरकत नसते, पण घर हा शब्द घेतलात तर त्या दिवसभर दाराकडे बघत राहतील. त्यांची उशी, गोधडी आणि शाळेतला एखादा ग्रुप फोटो त्या पोचण्याआधी पलंगाजवळ असू द्या. पहिला घास तुम्ही भरवा, शेजारी नवीन मावशीला उभं करा, अर्ध्यातून चमचा तिच्या हातात द्या.

पहिला महिना वाईट जाईल. त्या रडतील, तुम्हाला ओळखणार नाहीत, "मला इथून ने" म्हणतील, आणि रात्री साडेअकराला लोकलमध्ये बसून तुम्हाला वाटेल की दादाच बरोबर होता. लगेच निष्कर्ष काढू नका. जमेल तेव्हा जा, थोडा वेळ बसा, वेगवेगळ्या वेळी जा. पण अचानक एका दिवसात फार गोंधळ वाढला, त्या अगदीच गप्प झाल्या, पाणी घेईनाशा झाल्या किंवा ताप आला तर 'नवीन जागा आहे' म्हणून कोणालाही थांबू देऊ नका. बऱ्याचदा त्यामागे संसर्ग निघतो, डॉक्टरांना बोलवा. वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर करायला सांगा.

नातेवाइकांचं म्हणाल तर त्यांच्यापैकी कोणी आठवड्यातून एक दुपार आईंना भरवायला येणार आहे का, ते विचारून बघा. ज्या येतील त्यांचं मत ऐका.

दोन महिन्यांनी वजन किती भरलं ते मला कळवा. जखमेचा फोटो मात्र मला नको, सर्जनना दाखवा, आणि याच आठवड्यात.